घरांच्या दलालीला नोंदणीची शिस्त

ठाणे शहरातील पोखरण रस्ता क्रमांक एकला लागून असलेले वर्तकनगर ही मूळची गृहनिर्माण मंडळाची वसाहत होय. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या बैठ्या उंचीच्या इमारती, पोलीस कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आणि दर गुरुवारी गर्दीने फुलणारे साईबाबांचे मंदिर ही या वसाहतीची अनेक वर्षांची ओळख. १९७७ साली म्हाडाची स्थापना झाल्यानंतर ही वसाहत तिच्या कोकण मंडळाच्या कक्षेत आली. गेल्या काही वर्षांत जुन्या इमारती एकामागून एक पाडल्या जाऊन त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहू लागले. मूळ रहिवाशांना त्यांच्या घरांच्या मोबदल्यात नवी घरे द्यावयाची आणि उरलेली घरे खुल्या बाजारात विकावयाची, अशी या पुनर्विकासाची सर्वसाधारण रीत आहे. खुल्या बाजारातील या घरांबरोबरच घरांच्या दलालीचा व्यवसायही येथे वाढीस लागला.

अशा वसाहतीत काम करणाऱ्या एखाद्या एजंटाच्या एका दिवसाची कल्पना केली, तर या लेखाचा विषय लगेच ध्यानी येईल. सकाळी तो जुन्या इमारतीतील एक खोली भाड्याने लावून देतो. दुपारी एका सेवानिवृत्त गृहस्थाचे जुने घर दुसऱ्या कुटुंबास विकून देण्याची बोलणी करतो. सायंकाळी समोरच्या भूखंडावर उभ्या राहत असलेल्या मनोऱ्यातील, अद्याप भिंतीही न चढलेल्या एका सदनिकेची नोंदणी एका तरुण दांपत्याकडून करून घेतो. माणूस एक, दुकान एक आणि मोबदल्याचे नावही एकच. तथापि पहिल्या दोन कामांसाठी त्याला महारेराच्या नोंदणीची आवश्यकता नाही आणि तिसरे काम मात्र नोंदणीशिवाय केल्यास तो दंडास पात्र ठरतो.

हा भेद पुष्कळांना ठाऊक नसतो. घर घेणाऱ्यांना नसतो, आणि कित्येकदा एजंटांनाही नसतो.

नोंदणी कशी आली

घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणाऱ्यावर महाराष्ट्रात दीर्घकाळ कोणताही स्वतंत्र निर्बंध नव्हता. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या कायद्याने, म्हणजे ‘मोफा’ या नावाने परिचित असलेल्या कायद्याने, बांधकाम व्यावसायिकावर अनेक जबाबदाऱ्या टाकल्या. दलाल मात्र त्या कायद्याच्या चौकटीबाहेरच राहिला. दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद करून फलक लावला की कोणीही इस्टेट एजंट होऊ शके. व्यवहार बिघडला, तर दलालाचे उत्तर ठरलेले असे : मी केवळ दोन पक्षांची गाठ घालून दिली, पुढचे त्यांचे ते पाहतील.

राज्याने २०१२ साली गृहनिर्माण नियमनाचा स्वतंत्र कायदा केला होता. त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली होती. परंतु पुढे संसदेने संपूर्ण देशासाठी स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ संमत केला आणि त्याच्याच एका कलमान्वये राज्याचा कायदा निरसित झाला. केंद्रीय अधिनियमातील नोंदणीविषयक तरतुदी १ मे २०१७ पासून अंमलात आल्या. त्यापूर्वीच, मार्च २०१७ मध्ये, महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण अर्थात महारेरा स्थापन झाले होते. या अधिनियमाने बांधकाम प्रकल्पाबरोबर एजंटालाही प्रथमच नोंदणीच्या कक्षेत आणले.

अधिनियमाने केलेली एजंटाची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. मोबदला, शुल्क, दलाली किंवा अन्य कोणत्याही नावाने पैसे घेऊन भूखंड किंवा सदनिका यांच्या विक्रीसाठी एका पक्षाच्या वतीने बोलणी करणारा तर एजंट होतोच. परंतु ग्राहक आणि विक्रेता यांची कोणत्याही माध्यमातून केवळ ओळख करून देऊन त्याबद्दल पैसे घेणाराही एजंटच होतो. दलाल, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर असे त्याने स्वतःस काहीही म्हणवून घेतले तरी फरक पडत नाही. तेव्हा कचेरीतील सहकाऱ्यास किंवा शाळेतील सहशिक्षकास नव्या प्रकल्पाचे माहितीपत्रक देऊन त्यामागे ‘काहीतरी’ पदरात पाडून घेणाराही या व्याख्येत येऊ शकतो. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी पूर्वपरवानगीवाचून खाजगी व्यापार-धंदा करण्यास आधीच मनाई केलेली आहे. फावल्या वेळात असे ‘मार्गदर्शन’ करणाऱ्यांनी हे दोन्ही कायदे एकत्र वाचलेले बरे.

अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत

नोंदणीचा अर्ज महारेराच्या संकेतस्थळावरच करावयाचा असतो. एकट्या व्यक्तीस १०,००० रुपये, तर भागीदारी संस्था, कंपनी अशा अन्य स्वरूपाच्या अर्जदारास १ लाख रुपये शुल्क पडते. अर्जासोबत छायाचित्र, पॅन कार्ड, व्यवसायाच्या जागेचा पुरावा, आयकर विवरणपत्रे, संस्था असल्यास तिच्या नोंदणीची कागदपत्रे आणि अर्जदारावर काही खटले प्रलंबित असल्यास त्यांचा तपशील द्यावा लागतो. आपण वापरणार असलेला पत्रशीर्षाचा कागद, रबरी शिक्का आणि पावती यांचे नमुनेही नियमांनी मागितले आहेत. ही मागणी वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु घरखरेदीच्या असंख्य तक्रारींत हाती उरतो तो एक शिक्का मारलेला कागद, आणि तो शिक्का कोणाचा हेच सिद्ध होत नाही. नमुना आधीच दप्तरी असला, तर हा प्रश्न निदान त्या पातळीवर तरी सुटतो.

अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. एकदा मिळालेली नोंदणी संपूर्ण राज्यास लागू असते. ठाण्याच्या एजंटाला नाशिकचा किंवा सावंतवाडीचा प्रकल्प विकण्यास वेगळी नोंदणी लागत नाही. परंतु राज्याची सीमा ओलांडली की ही नोंदणी संपते. उंबरगावची सदनिका विकावयाची तर गुजरातचे, बेळगावची विकावयाची तर कर्नाटकचे आणि म्हापशाची विकावयाची तर गोव्याचे प्राधिकरण गाठावे लागते. सीमेलगतच्या तालुक्यांतील एजंटांकडून याच ठिकाणी चूक होण्याचा संभव अधिक.

प्रत्येक नोंदणीस एक क्रमांक मिळतो. सुरुवातीच्या वर्षांत दिलेल्या क्रमांकांची रचना बोलकी आहे. एजंटाचा क्रमांक ‘ए’ या अक्षराने, तर प्रकल्पाचा ‘पी’ या अक्षराने सुरू होतो. त्यापुढील तीन आकडे जनगणनेतील जिल्ह्याचा संकेतांक दर्शवितात. ठाणे जिल्ह्याचा संकेतांक ५१७ आहे. एजंटाने आपला म्हणून ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक दाखविला, तर तो त्याचा नसून प्रकल्पाचा आहे, एवढे साध्या निरीक्षणानेही समजते.

परीक्षेची पायरी

आरंभीची सहा वर्षे नोंदणी म्हणजे मुख्यतः कागदपत्रे आणि शुल्क एवढेच होते. कायदा काय आहे हे एजंटाला ठाऊक आहे किंवा नाही, हे कोणी पाहत नव्हते. घराचे चटई क्षेत्र म्हणजे नेमके काय, भोगवटा प्रमाणपत्र कोण देते, नोंदणीकृत करारापूर्वी किती रक्कम घेता येते, हे न कळणारा मनुष्यही प्रमाणपत्र भिंतीवर लावून लक्षावधी रुपयांचे व्यवहार घडवीत होता.

ही उणीव ओळखून महारेराने १० जानेवारी २०२३ रोजी आदेश काढून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक केली. प्रशिक्षण वीस तासांचे असते. परीक्षा बँकांच्या नोकरभरतीमुळे परिचित असलेल्या आयबीपीएस या संस्थेमार्फत घेण्यात येऊ लागली आणि पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये पार पडली. उत्तीर्ण होणाऱ्यास सक्षमता प्रमाणपत्र मिळते. नवी नोंदणी आणि नूतनीकरण या दोहोंसाठी ते आवश्यक ठरले. आधीच नोंदलेल्या एजंटांना प्रथम १ सप्टेंबर २०२३ पर्यंत आणि नंतर १ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत देण्यात आली.

या आदेशाचा परिणाम २०२४ साली दिसून आला. तोपर्यंत राज्यात सुमारे ४७ हजार एजंटांनी नोंदणी केलेली होती. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणांची नोंदणी नूतनीकरण न केल्यामुळे रद्द झाली होती. याशिवाय सक्षमता प्रमाणपत्र सादर न करणाऱ्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली. याचा अर्थ असा की, एकेकाळी क्रमांक मिळविलेल्या प्रत्येक तीन एजंटांपैकी साधारणतः दोघांचा क्रमांक त्या वेळी निरुपयोगी झाला होता. मात्र त्यांच्या दुकानांवरील फलक कोणी उतरविले नव्हते. फलकावरचा क्रमांक आजही चालू आहे काय, हे पाहण्यासाठी महारेराच्या संकेतस्थळावर तो तपासणे हाच एकमेव मार्ग आहे.

अमेरिकेत ही वाट फार पूर्वी चोखाळली गेली. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून परवान्याची पद्धत आहे. तेथे ठराविक तासांचे शिक्षण, राज्याची परीक्षा आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा शिक्षण अशी साखळीच आहे. शिवाय नव्या विक्रेत्यास एखाद्या अनुभवी परवानाधारक ब्रोकरच्या हाताखालीच काम करावे लागते. आपल्याकडे ही शेवटची अट नाही. परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण दुसऱ्याच दिवशी स्वतंत्रपणे दुकान थाटू शकतो. उमेदवारीची अट नसणे ही उणीवच म्हणावी लागेल. कारण कागद वाचण्याची सवय वीस तासांत लागत नाही.

क्रमांक टिकविण्याचे काम

नोंदणी मिळविण्यापेक्षा ती टिकविणे अधिक कष्टाचे आहे. नोंदणी पाच वर्षांसाठी असते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्राचा क्रमांक मुख्य कार्यालयात आणि प्रत्येक शाखेत ठळकपणे लावावा लागतो. घडवून आणलेल्या प्रत्येक विक्रीत, प्रत्येक जाहिरातीत आणि प्रत्येक पत्रव्यवहारात तो नमूद करावा लागतो. हिशेबाच्या वह्या, नोंदी आणि कागदपत्रे आयकर कायद्याच्या तरतुदींनुसार ठेवावी लागतात. चिठ्ठ्याचपाट्यांवर आणि तोंडी आश्वासनांवर चालत आलेल्या या व्यवसायाला वह्या ठेवण्याची सवय लावणे हीच खरी अवघड गोष्ट आहे.

सर्वांत महत्त्वाचे बंधन कलम १० मध्ये पहिलेच दिलेले आहे. ज्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असूनही झालेली नाही, त्यातील घराची किंवा भूखंडाची विक्री एजंटाने घडवून आणता कामा नये. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. परंतु ‘पुढे नोंदणी होणारच आहे, आता थोडे पैसे भरून घर धरून ठेवा’ असे सांगून घेतलेली रक्कम या बंधनाचा भंग करते. पुनर्विकासाच्या वस्त्यांत असे बोलणे फार ऐकू येते. इमारत पाडण्यापूर्वीच तिच्या जागी होणाऱ्या मनोऱ्यातील घरे तोंडी विकली जातात.

याच कलमाने खोटी विधाने करण्यास मनाई केली आहे. प्रकल्पाला किंवा स्वतःला नसलेली मान्यता असल्याचे भासविणे, द्यावयाच्या नसलेल्या सेवांची वर्तमानपत्रात जाहिरात करू देणे हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. त्याचबरोबर घराची नोंदणी करतेवेळी ग्राहकास ज्या ज्या माहितीचा आणि कागदपत्रांचा हक्क आहे, ती त्याच्या हाती पडेल याची व्यवस्था करणे हे एजंटाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. ‘कागद बिल्डरकडे मिळतील’ हे उत्तर आता कायद्याला पुरेसे नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड देणेही आवश्यक करण्यात आले. भ्रमणध्वनीने तो टिपला की प्रकल्पाची नोंद थेट समोर येते.

कलम ९ आणि १० यांचा भंग करणाऱ्या एजंटास दर दिवशी १०,००० रुपये याप्रमाणे दंड होऊ शकतो. त्याची एकूण मर्यादा ज्या घराची विक्री घडविली त्याच्या किमतीच्या पाच टक्के आहे. ८० लाख रुपयांच्या सदनिकेचा हिशेब केला, तर ही मर्यादा ४ लाख रुपये होते आणि ती चाळीस दिवसांत गाठली जाते. एजंटाने शेकडा दोन रुपये दलाली घेतली असे धरले, तर त्याच्या हाती १ लाख ६० हजार रुपये आलेले असतात. प्राधिकरणाच्या आदेशाची अवज्ञा केल्यास वेगळा दंड आहे, आणि अपील न्यायाधिकरणाचा आदेश न पाळणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावासही होऊ शकतो. अपप्रकार किंवा लबाडीने नोंदणी मिळविल्याचे आढळल्यास ती रद्द करण्याचा अधिकार प्राधिकरणास आहे. दलालीचा दर किती असावा याविषयी मात्र अधिनियम काहीच सांगत नाही. तो आजही उभयपक्षी ठरतो.

कल्याण-डोंबिवलीचा धडा

नोंदणीचा क्रमांक असला म्हणजे सर्व काही निर्धोक, असा समज करून घेणे किती महाग पडते हे वर्तकनगरपासून फार दूर नसलेल्या कल्याण-डोंबिवलीत दिसून आले. तेथे ६५ इमारतींच्या बाबतीत महानगरपालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविण्यात आल्याचे २०२२ साली उघडकीस आले. गुन्हे दाखल झाले, तपास पथक नेमले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. तोपर्यंत त्यांत कुटुंबे राहावयास आली होती. कित्येकांनी घरासाठी कर्ज घेतलेले होते आणि त्याचे हप्ते चालू होते.

या इमारतींतील घरे विकताना एजंटाने कलम १० मधील पहिल्या बंधनाचा शब्दशः भंग केला, असे म्हणता येणार नाही. प्रकल्प नोंदलेले होते. क्रमांक संकेतस्थळावर दिसत होता. परंतु महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन परवानगीचा जावक क्रमांक पडताळून पाहण्याचे कष्ट ज्या एजंटाने घेतले असते, त्याला एका फेरीत सत्य कळण्यासारखे होते. ज्या ग्राहकाकडून तो दोन टक्के घेतो, त्याने त्याच्याकडून एवढ्या एका फेरीची अपेक्षा करणे गैर नाही. या प्रकरणानंतर महारेराने २०२३ साली आपल्या पद्धतीत बदल केला आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून खातरजमा झाल्यावरच प्रकल्पाला क्रमांक देण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी नोंदलेल्या आणि अद्याप विक्री चालू असलेल्या प्रकल्पांच्या बाबतीत मात्र ही फेरी ज्याची त्यानेच मारावयाची आहे.

शहरांच्या कडेला असलेल्या गावांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. तेथे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती किंवा नमुना क्रमांक आठचा उतारा हाच मालकीचा व परवानगीचा पुरावा म्हणून दाखविला जातो. हा उतारा कर आकारणीची नोंद होय. त्यावरून जमिनीची मालकीही सिद्ध होत नाही आणि इमारतीस परवानगी असल्याचेही सिद्ध होत नाही. शेतजमिनीचे तुकडे पाडून ‘बंगल्याचे प्लॉट’ म्हणून विकणाऱ्यांचीही हीच तऱ्हा असते. अधिनियमात भूखंडांचाही समावेश आहे. नियोजन क्षेत्रातील ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर आठांहून अधिक भूखंड पाडून विकावयाचे असतील, तर प्रकल्पाची आणि एजंटाची अशी दोन्ही नोंदणी हवी. गावात मोटारी भरभरून ग्राहक येऊ लागले की पंचायत सदस्यांना त्याची वर्दी सर्वांत आधी लागते. त्याच वेळी एजंटाचा व प्रकल्पाचा क्रमांक विचारून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवता येईल. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही आणि खर्चही येत नाही.

तक्रार कोठे करावी

नोंदणीकृत प्रकल्पाच्या बाबतीत एजंटाविरुद्धही महारेराकडे तक्रार करता येते. ती संकेतस्थळावरून दाखल होते आणि तिच्यासाठी ५,००० रुपये शुल्क भरावे लागते. उभय पक्षांची तयारी असल्यास २०१८ पासून कार्यरत असलेल्या सलोखा मंचाकडे प्रकरण सोपविता येते. प्राधिकरणाचा निर्णय मान्य नसल्यास साठ दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तक्रार करताना एजंटाने दिलेली पावती, त्याच्याशी झालेला लेखी संदेशव्यवहार आणि त्याचा नोंदणी क्रमांक जवळ असणे उपयोगी पडते. दलाली रोखीने व पावतीवाचून दिलेली असेल, तर हा मनुष्य आपला एजंट होता हे दाखविण्यापासूनच तक्रारदाराला सुरुवात करावी लागते.

वर्तकनगरातील ते सेवानिवृत्त गृहस्थ मात्र या दारातून आत जाऊ शकत नाहीत. त्यांचे घर विकासकाकडून विकले जात नसून त्यांच्या स्वतःच्या मालकीचे, वर्षानुवर्षे वापरातले आहे. त्या व्यवहारात एजंटाने दगा दिला, तर सेवेतील उणीव म्हणून ग्राहक आयोगाकडे किंवा फसवणूक असल्यास पोलीस ठाण्याकडे जावे लागेल. खोली भाड्याने घेणाऱ्यालाही तेच लागू आहे. दुकानाच्या भिंतीवर लावलेले महारेराचे प्रमाणपत्र त्या दोघांच्या नजरेस पडते, परंतु त्यांच्या व्यवहारापुरते ते लागू नसते. त्यांनी एजंटाकडून दलालीची रक्कम, कामाचा तपशील आणि मुदत यांचा साध्या कागदावर का होईना लेखी करार आधी करून घ्यावा. कारण त्यांच्या बाबतीत त्या कागदाखेरीज दुसरा पुरावा सहसा नसतो.